रस्त्यावरचा दिवा कुणाचा?

"म्युनिसिपालटीच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठा झाला" हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेलं आहे. कुणाच्या आजोबांबद्दल, कुणाच्या मास्तरांबद्दल, तर कधी आपण अभ्यास करत नाही म्हणून टोमणा मारण्यासाठी! या वाक्यातला एक शब्द मात्र आपण कधी लक्षपूर्वक ऐकला नाही. तो दिवा रस्त्याचा नव्हता, सरकारचा नव्हता, वीज कंपनीचाही नव्हता. तो 'म्युनिसिपालटीचा' होता. म्हणजे गावाचा. गरीब मुलाने त्याच्याखाली पुस्तक उघडलं तर त्याला कुणी हटकू शकत नव्हतं, कारण त्याच्या बापाने भरलेल्या पट्टीतूनच तो जळत होता.

न्यूझीलंडला आल्यावर या दिव्याचा मालक कोण, हा प्रश्न मला पडला, तोही अगदी व्यावहारिक कारणाने. दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास ऑकलंडमधल्या काही मराठी घरांत काहीशे डॉलरची एक रक्कम येते. पूर्वी तिचा चेक यायचा, आता ती बिलात वळती होते किंवा बँकेत जमा होते. नॉर्थ शोअर आणि वेस्ट ऑकलंडमधल्या मंडळींना मात्र ती मिळत नाही. वेलिंग्टनच्या मित्रांना विचारलं तर ते म्हणाले, "आम्हाला विजेचं बिल मिळतं तेवढं पुरे!" एकाच देशात, एकाच विजेवर, हा भेदभाव कसा? मी वकील नाही आणि विजेच्या धंद्यातलाही नाही. इतिहासाची आवड आणि थोडा रिकामा वेळ एवढ्याच भांडवलावर शोध घेत गेलो. हातात आली ती जवळजवळ दीडशे वर्षांची कायद्यांची गोष्ट. कायदा म्हटलं की पान उलटायचा मोह होतो, पण मंडळी, थोडं थांबा. ही गोष्ट शेवटी आपल्या घरापर्यंत येते.

दोन गावं, एक वर्ष

साउथ आयलंडच्या वेस्ट कोस्टवर रीफ्टन नावाचं लहानसं गाव आहे. एकेकाळी तिथे सोन्याच्या खाणी जोरात होत्या. वॉल्टर प्रिन्स नावाच्या विद्युत अभियंत्याने डिसेंबर १८८६ मध्ये तिथल्या डॉसन्स हॉटेलमध्ये विजेचे दिवे लावून दाखवले आणि गावकऱ्यांच्या डोळ्यांपुढे खरोखरच उजेड पडला. त्यांनी भागभांडवल गोळा करून कंपनी काढली, इनांगाहुआ नदीच्या पाण्यावर सुमारे २० किलोवॅटचं जनित्र बसवलं आणि ऑगस्ट १८८८ मध्ये गावात दिवे लागले. न्यूझीलंडमधला हा पहिला सार्वजनिक वीजपुरवठा. २० किलोवॅट म्हणजे किती? आज हिवाळ्यात आपल्या चार-पाच घरांत हीटर, ओव्हन आणि गीझर एकदम चालू झाले की तेवढी वीज सहज लागते. तेवढ्यावर एक गाव उजळलं होतं. रीफ्टन आजही स्वतःला 'दिव्यांचं शहर' म्हणवून घेतं.

त्याच १८८८ साली तिकडे आपल्या मुंबईत एक कागद तयार होत होता, 'मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८'. फिरोजशहा मेहतांचा त्याच्या घडणीत मोठा वाटा होता. महापालिकेने कोणती कामं केलीच पाहिजेत याची यादी त्या कायद्यात आहे आणि सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे त्या बंधनकारक कामांत येतं. म्हणजे केलं तर उपकार नाही आणि नाही केलं तर कर्तव्यात कसूर.

मला हा योगायोग फार बोलका वाटतो. रीफ्टनमध्ये दिवा आधी आला, तोही खासगी कंपनीचा. त्याचा मालक कोण असावा याचा विचार देशाने नंतर केला. मुंबईत जबाबदारी कायद्यात आधी लिहिली गेली. नियमित वीजपुरवठा नंतर आला. दोन्ही देश ब्रिटिश साम्राज्यातले, तरी दोघांनी एकाच प्रश्नाची दोन वेगळी टोकं हातात धरली होती.

धुराचे दिवे, पाण्याचे दिवे

त्याआधी अर्थातच गॅस होता. ऑकलंड आणि मुंबई, दोन्ही शहरांत गॅसचे दिवे लागले ते १८६५ साली आणि दोन्हीकडे ते काम खासगी गॅस कंपनीचं होतं. ड्युनेडिनचा गॅस कारखाना त्याहूनही जुना, १८६३ चा, न्यूझीलंडमधला पहिला. तोही आधी खासगीच होता, पण १८७० च्या दशकात नगरपालिकेने तो ताब्यात घेतला आणि पुढे शंभरहून अधिक वर्षं चालवला. १९८७ मध्ये तो बंद झाला तेव्हा तो या देशातला शेवटचा गॅस कारखाना होता. आज तिथे संग्रहालय आहे. ड्युनेडिनला गेलात तर जरूर पाहा, मुलांना वाफेची इंजिनं फार आवडतात.

वेलिंग्टनने वेगळाच मार्ग धरला. १८८९ मध्ये तिथे गुल्चर कंपनीने रस्त्यांवर विजेचे दिवे लावले आणि जनित्रं फिरवायला वापरलं शहराच्या नळाचं पाणी! पाणी नगरपालिकेचं, रस्ता नगरपालिकेचा, दिवा मात्र कंपनीचा. नगरपालिका कंपनीला प्रकाशाचे पैसे देत होती. ही व्यवस्था आजच्या भाषेत 'आउटसोर्सिंग'च म्हणायची. ती फार काळ टिकली नाही. १९०७ मध्ये वेलिंग्टन नगरपालिकेने शहराचा वीज व्यवसाय त्या वेळच्या खासगी मालकांकडून विकत घेतला.

कर्ज काढायचं तर आधी विचारा

नगरपालिकांना हे उद्योग करायची मुभा मिळाली ती 'म्युनिसिपल कॉर्पोरेशन्स' कायद्यांमुळे. १८७६ साली देशभरासाठी असा एक कायदा झाला. पुढे १८८६, १९००, १९०८, १९२०, १९३३, १९५४ अशा त्याच्या आवृत्त्या निघत गेल्या आणि रस्ते, पाणी, गटारं यांच्या रांगेत दिवाबत्ती, गॅस आणि नंतर वीजही नगरपालिकेच्या अधिकारात येऊन बसली. अधिकार दिला खरा, पण त्याला एक लगामही होता. दिव्यांसाठी लागणारं भांडवल नगरपालिकेच्या तिजोरीत नसायचं. ते कर्जाने उभारावं लागे आणि असं मोठं कर्ज काढण्यापूर्वी घरपट्टी भरणाऱ्यांचं मतदान घ्यावं लागे. कर्ज फेडणार कोण, तर पट्टी भरणारा. मग आधी त्याला विचारा, असा साधा हिशोब.

हे मतदान आजच्या अर्थाने सगळ्यांचं नव्हतं. पट्टी न भरणाऱ्याला त्यात स्थान नव्हतं आणि सुरुवातीच्या काळात ज्याची मालमत्ता जास्त त्याला मतंही जास्त मिळत. पण घरपट्टी भरणाऱ्या स्त्रियांना मात्र १८७० च्या दशकातच नगरपालिकेच्या निवडणुकीत मत मिळालं होतं, संसदेसाठी ते १८९३ मध्ये मिळण्याच्या कितीतरी आधी. म्हणजे गावात दिवे कुणाचे असावेत या निर्णयात इथल्या काही आज्या-पणज्यांचाही हात होता.

या काळातली माझी आवडती गोष्ट आहे ती कचऱ्याची. क्राइस्टचर्चने १९०३ मध्ये कचरा जाळायची भट्टी उभारली आणि तिच्या उष्णतेने वाफ करून वीज निर्माण केली. तिथल्या महापालिकेच्या वीज खात्याची सुरुवात अशी कचऱ्यातून झाली. ऑकलंडनेही तोच कित्ता गिरवला. शहरातलं व्हिक्टोरिया पार्क मार्केट आणि त्याची उंच विटांची धुराडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. तिथेच ऑकलंडची कचराभट्टी होती आणि १९०८ पासून शहराची वीज तिथे तयार होऊ लागली. ड्युनेडिनला डोंगर आणि पाणी जवळ होतं; त्यांनी वायपोरी नदीवरची योजना हाती घेतली आणि १९०७ मध्ये तिची वीज शहरात आणली.

तर विसाव्या शतकाचं पहिलं दशक संपता संपता ऑकलंड, वेलिंग्टन, क्राइस्टचर्च, ड्युनेडिन या चारही मोठ्या शहरांत वीज आणि रस्त्यावरचा दिवा नगरपालिकेचा झालेला होता. या चौघांना लक्षात ठेवा. पुढे त्यांच्या वाटा फुटणार आहेत.

नदी राजाची, तारा गावाच्या

दरम्यान १९०३ मध्ये संसदेने जलशक्तीचा कायदा केला. वीज निर्माण करण्यासाठी नद्यांचं पाणी वापरण्याचा हक्क यापुढे फक्त राजसत्तेचा, म्हणजे सरकारचा, असं त्याने ठरवलं. खासगी कंपन्यांनी धबधबे बळकावून बसू नये हा त्यामागचा हेतू. या कायद्याच्या आधारावर सरकारने क्राइस्टचर्चजवळ लेक कोलरिजचं जलविद्युत केंद्र बांधलं. १९१४ च्या अखेरीस तिथून वीज मिळू लागली आणि शहराने ती सरकारकडून घाऊक भावात विकत घ्यायला सुरुवात केली. त्यातून एक सुटसुटीत वाटणी झाली: निर्माण करायचं सरकारने, वाटायचं गावाने.

पण गावाबाहेरच्या शेतकऱ्याचं काय? नगरपालिकेची हद्द संपली की तारा संपत. त्यावर १९१८ मध्ये 'इलेक्ट्रिक पॉवर बोर्ड्स' कायदा आला. सरकारचे मुख्य विद्युत अभियंता एव्हान पॅरी हे या कल्पनेचे मोठे पुरस्कर्ते. शहर आणि आसपासची खेडी मिळून एक वीज मंडळ, त्यावर लोकांनी निवडून दिलेले सभासद, असा तो साचा. शहरातल्या दाट वस्तीच्या कमाईतून खेड्यातली लांबलचक तार ओढली जावी ही त्यातली खुबी होती. ऑकलंडने १९२२ मध्ये आपली वीज अशा मंडळाकडे सोपवली. बाकीच्या तिघांनी आपापली म्युनिसिपल वीज खाती स्वतःकडेच ठेवली.

याच सुमारास मुंबईत काय चाललं होतं ते पाहणं उपयोगाचं आहे. १९०५ पासून तिथे 'बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज' ही खासगी कंपनी वीज आणि ट्राम चालवत होती. हिंदुस्थानच्या १९१० च्या वीज कायद्यात एक महत्त्वाचं कलम होतं: परवान्याची मुदत संपली की तो व्यवसाय विकत घेण्याचा पर्याय आधी स्थानिक संस्थेला. म्हणजे कंपनीला दार उघडतानाच, एक दिवस गाव या घराचा मालक होऊ शकेल, हे कायद्याने सांगून ठेवलं होतं. ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबई महापालिकेने ती कंपनी आपल्या ताब्यात घेतली, स्वातंत्र्याच्या अवघ्या आठ दिवस आधी. तीच आपली 'बेस्ट'. दादर-परळमध्ये वाढलेल्यांना विजेचं बिल आणि लाल बस एकाच नावाने यायची, त्याचं कारण हे. पुढे २००३ च्या भारतीय वीज कायद्यात खुल्या स्पर्धेची दारं उघडली तेव्हाही आधीपासून वीज वाटप करणाऱ्या स्थानिक संस्थांना त्या तरतुदीतून वगळण्यात आलं. अर्थात या मालकीची किंमतही होती. बसचा तोटा अनेक वर्षं विजेच्या उत्पन्नातून भरून निघत होता. बसने न जाणारा ग्राहक त्यावर कुरकुरायचा, तर बसने जाणारा सुखात असायचा!

१९९२: दिव्याखालची जमीन सरकली

न्यूझीलंडमध्ये सत्तर वर्षं ही घडी बसलेली होती. १९८० च्या दशकात देशाचं सगळं अर्थकारण बदललं, त्याची लाट विजेपर्यंत आली ती 'एनर्जी कंपनीज' कायदा, १९९२ या नावाने. प्रत्येक वीज मंडळाने आणि प्रत्येक म्युनिसिपल वीज खात्याने आता कंपनी बनायचं. त्या कंपनीचं मुख्य उद्दिष्ट काय, तर यशस्वी व्यवसाय म्हणून चालणं. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यातला 'कर्तव्य' हा शब्द आठवा आणि त्याच्या शेजारी हा 'यशस्वी व्यवसाय' ठेवा. शंभर वर्षांत किती अंतर पडलं ते दिसेल.

पण कायद्याने एक गोष्ट गावावर सोडली होती. या कंपनीचे शेअर्स कुणाकडे जावेत? महापालिकेकडे, ग्राहकांच्या ट्रस्टकडे की बाजारात? प्रत्येक ठिकाणी त्याची योजना तयार झाली, लोकांना मतं मांडायची संधी दिली गेली आणि मग मंत्र्यांनी मंजुरी दिली. चार शहरांच्या वाटा फुटल्या त्या इथे.

त्यात भर पडली १९९८ च्या 'इलेक्ट्रिसिटी इंडस्ट्री रिफॉर्म' कायद्याची. तारा आणि वीजविक्री एका मालकाकडे नकोत, दोन्हींपैकी एक निवडा आणि दुसरं सोडा, असं त्याने सांगितलं. आपण आज बिल एका कंपनीला भरतो आणि वीज गेली की फोन दुसऱ्या कंपनीला करतो, ही गंमत तेव्हापासूनची.

चार शहरं, चार वाटा

वेलिंग्टन. राजधानीची 'कॅपिटल पॉवर' ही कंपनी महापालिकेने नव्वदच्या दशकात कॅनडाच्या ट्रान्सआल्टा कंपनीला विकली. तिथून तारा युनायटेड नेटवर्क्सकडे, मग ऑकलंडच्या व्हेक्टरकडे आणि २००८ मध्ये सुमारे ७८ कोटी ५० लाख डॉलरना हाँगकाँगच्या उद्योगसमूहाकडे गेल्या. ज्या शहराने १९०७ मध्ये आपली वीज खासगी मालकांकडून विकत घेतली होती, त्याची वाटणी शंभर वर्षांनी पुन्हा बाहेरच्या मालकाकडे गेली.

क्राइस्टचर्च. इथे वीज खातं आधी साउथपॉवर झालं, मग ओरायन. शेअर्स महापालिकेने सोडले नाहीत. आजही सुमारे ८९ टक्के मालकी क्राइस्टचर्च महापालिकेच्या कंपनीकडे आणि उरलेली सेल्विन जिल्हा परिषदेकडे आहे. फेब्रुवारी २०११ च्या भूकंपाआधीच ओरायनने आपल्या उपकेंद्रांच्या इमारती मजबूत करून ठेवल्या होत्या. तो खर्च कुणाच्या डोळ्यांत भरणारा नव्हता, पण एवढ्या भीषण भूकंपानंतर दहा दिवसांत सुमारे नव्वद टक्के ग्राहकांची वीज परत आली. शहराच्या पुनर्बांधणीसाठी पैसे कमी पडू लागले तेव्हा महापालिकेच्या कंपन्या विकाव्यात का, यावर तिथे मोठे वाद झाले. ओरायन मात्र गावाकडेच राहिली.

ड्युनेडिन. १९९८ च्या कायद्यामुळे निवड करायची वेळ आली तेव्हा शहराने तारा ठेवल्या आणि जवळजवळ शंभर वर्षं सांभाळलेलं वायपोरी सोडलं. ते ट्रस्टपॉवर कंपनीकडे गेलं. तारा आजच्या ऑरोरा एनर्जीकडे आल्या, मालक महापालिकाच. पण इथे गोष्ट गोड नाही. विजेचे जुने खांब वेळेवर बदलले गेले नव्हते. २०१६ मध्ये ते उघडकीला आलं आणि २०२० मध्ये पुरवठ्याचा दर्जा न राखल्याबद्दल उच्च न्यायालयाने कंपनीला जवळजवळ ५० लाख डॉलरचा दंड केला. त्यानंतर दुरुस्तीसाठी ग्राहकांचे दरही वाढले. सेंट्रल ओटागोच्या लोकांचं म्हणणं असं की, नफा ड्युनेडिनच्या तिजोरीत गेला आणि खांब आमच्याकडचे कुजले. गावाची मालकी असली की सगळं आपोआप नीट चालतं, असा भोळा समज कुणाचा असेल तर त्याने ही गोष्ट लक्षात ठेवावी. तरीही २०२४ मध्ये कंपनी विकण्याचा प्रस्ताव लोकांपुढे आला तेव्हा मतं ऐकून घेतल्यावर महापालिकेने विक्री नाकारली.

ऑकलंड. इथल्या वीज मंडळाची 'मर्क्युरी एनर्जी' झाली आणि तिची मालकी १९९३ मध्ये ग्राहकांच्या एका ट्रस्टकडे गेली. पुढची मोठी घटना १९९८ ची. जानेवारी-फेब्रुवारीत शहराच्या मध्यभागाला वीज पुरवणाऱ्या चार मुख्य केबल एकामागून एक निकामी झाल्या. २० फेब्रुवारीला चौथी गेली आणि देशाच्या सर्वांत मोठ्या शहराचा मध्यभाग सुमारे पाच आठवडे अंधारात आणि जनरेटरच्या घरघराटात राहिला. इथेही मालक ग्राहकच होते, हे विसरून चालणार नाही. त्यानंतर कायद्यानुसार वीजविक्री आणि मर्क्युरी हे नाव सरकारी कंपनीकडे गेलं, तारांची कंपनी 'व्हेक्टर' झाली. म्हणून आज ज्या मर्क्युरीचं बिल येतं ती कंपनी आणि ती जुनी मर्क्युरी एक नव्हेत.

त्या ट्रस्टचं आजचं नाव 'एन्ट्रस्ट'. व्हेक्टरचे ७५.१ टक्के शेअर्स त्याच्याकडे आहेत. सप्टेंबरात येणारी ती रक्कम हा त्याचा लाभांश. जुन्या ऑकलंड वीज मंडळाच्या हद्दीत, म्हणजे मध्य, पूर्व आणि दक्षिण ऑकलंडमध्ये, ज्याच्या नावावर वीजजोडणीचं खातं त्याला तो मिळतो. नॉर्थ शोअर आणि वेस्ट ऑकलंडचं वीज मंडळ वेगळं होतं, त्याची वाटही वेगळी झाली. १९१८ च्या कायद्याखाली आखलेली एक रेघ आजही हार्बर ब्रिजच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या मराठी कुटुंबांत फरक करते! आणि हेही कायमचं नाही. हा ट्रस्ट २०७३ पर्यंतचा आहे. त्यानंतर शेअर्स ऑकलंड महापालिकेकडे जायचे आहेत. १९०८ मध्ये कचराभट्टीपासून सुरू झालेली मालकी दीडशेहून अधिक वर्षांनी पुन्हा महापालिकेच्या दारात येईल. आपल्या नातवंडांना ते पाहायला मिळेल.

मग खांबावरचा दिवा?

या सगळ्या घडामोडींत मूळ प्रश्न राहूनच गेला. तारा कुणाच्याही असोत, खांबावरचा दिवा कुणाचा? स्थानिक रस्त्यावरच्या दिवाबत्तीची जबाबदारी महापालिकेची, राष्ट्रीय महामार्गावरची केंद्रीय वाहतूक संस्थेची. म्हणजे कंपन्या आल्या-गेल्या तरी तुमच्या दारासमोरचा दिवा अजून गावाच्याच हिशोबात आहे. त्याचा खर्च काही घरपट्टीतून आणि काही रस्ते वाहतुकीच्या राष्ट्रीय निधीतून येतो. पिवळसर सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले ना, त्या बदलाला गेल्या दशकात सरकारने काही काळ ८५ टक्के अनुदान दिलं होतं, म्हणून तो इतक्या झपाट्याने झाला.

आणि दिवा लावायचा कायदा असतो तसा न लावायचाही असतो. मॅकेन्झी जिल्ह्यात माउंट जॉन वेधशाळेसाठी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनच बाहेरच्या दिव्यांवर निर्बंध आहेत. प्रकाश खालीच पडला पाहिजे, आकाशात जाता कामा नये. त्याचं फळ म्हणून २०१२ मध्ये त्या भागाला आंतरराष्ट्रीय 'डार्क स्काय रिझर्व्ह'चा मान मिळाला. टेकापोला जाऊन आपण आकाशगंगा पाहतो, ती स्थानिक परिषदेच्या नियमांच्या कृपेने!

आपण काय करायचं

हा इतिहास वाचून माझी एक समजूत पक्की झाली. खासगी चांगलं की सरकारी चांगलं, हा वाद मला आता तितकासा महत्त्वाचा वाटत नाही. ओरायन आणि ऑरोरा दोन्ही गावाच्याच मालकीच्या, तरी एकीने इमारती मजबूत केल्या आणि दुसरीचे खांब कुजले. मालकी कायद्याने मिळते, पण मालकासारखं लक्ष ठेवणं कायदा शिकवत नाही. १९०० च्या सुमारास पट्टी भरणारा माणूस कर्जाच्या मतदानाला जात होता, कारण पैसे त्याचे जात होते. आज पैसे आपलेच जातात, फक्त ते कळेनासं झालं आहे.

एन्ट्रस्टची निवडणूक दर तीन वर्षांनी होते, पाच विश्वस्त निवडले जातात आणि मतपत्रिका टपालाने घरी येते. मतदान मात्र फारच कमी होतं. लाभांश कधी येणार याची चौकशी आपण एकमेकांकडे करतो, पण विश्वस्त कोण आहेत हे आपल्या गणेशोत्सवात विचारून पाहा, किती हात वर होतात ते! महापालिकेच्या निवडणुकीचंही तेच. नागरिकत्व घेतलेलं नसलं तरी कायम रहिवासी असाल आणि वर्षभर सलग इथे राहिला असाल, तर तुम्हाला मत आहे. मायदेशी मतदानाला रांगेत उभं राहायचो, इथे तर पाकीट घरपोच येतं. जाहिरातींच्या कागदांबरोबर ते रिसायकलिंगच्या डब्यात जाऊ नये एवढंच.

महापालिका आपल्या दीर्घकालीन योजनेवर दर तीन वर्षांनी लोकांची मतं मागवते. त्यात काय विकायचं, काय ठेवायचं, कोणत्या रस्त्यावर किती खर्च करायचा हे सगळं असतं. चार ओळी लिहून पाठवल्या तरी त्या वाचल्या जातात, आणि ड्युनेडिनमध्ये लोकांच्या मतांनंतर काय घडलं ते आपण पाहिलंच. इंग्रजी लिहिण्याची धास्ती वाटणाऱ्या ज्येष्ठांना आपल्या मंडळातल्या तरुण मुलामुलींनी मदत करावी. शनिवारच्या मराठी शाळेत मुलं आपल्याकडून शिकतात, त्याची थोडी परतफेड होईल.

आणि तोपर्यंत एक सोपं काम. तुमच्या गल्लीतला एखादा दिवा बंद असेल, तर खांबावरचा क्रमांक टिपून महापालिकेला कळवा. कंपनी कुणाचीही असो, मालक म्हणून तक्रार करण्याचा हक्क तुमचाच आहे.